सावली म्हणजे ‘सावळी’ नव्हे

१/ ‘सावली काळसर असते, म्हणून ती सावळी, सावळीची झाली सावली.’ ही व्युत्पत्ती कानाला गोड लागते, म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पण ती चूक आहे.

२/ संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत सामान्यतः ‘ळ’ होतो: फल–फळ, कमल–कमळ, काल–काळ. प्राकृतात जेथे ‘ल्ल’ होता, तेथेच ‘ल’ टिकतो: तेल्ल–तेल, गल्ल–गाल. ‘श्यामल’चा ‘सावळा’ झाला तो याच नियमाने. ‘सावली’त ‘ल’ आहे. अर्थात तिची वाट निराळी.

३/ हा भेद पुस्तकी वाटत असेल, तर नामपूरच्या बाजारात कान द्यावा. मोसम खोऱ्यातील अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा–डोया, काळा–काया. तेल आणि गाल यांतील ‘ल’ मात्र जागचा हलत नाही. सावलीही याच पंगतीतली.

४/ दुसरा दावा: सावली फारसी ‘साया’वरून आली. ‘साया’ ही छायेची इराणी बहीण खरी. पण आद्य ‘स’साठी उसनवारीची गरज नाही. प्राकृतातील ‘छ’ मराठीत ‘स’ होतोच: छुरिआ–सुरी, मच्छ–मासा, उच्छु–ऊस. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवरील १९२०च्या ग्रंथात अशीच ध्वनिपरिवर्तने मांडली.

५/ ज्ञानेश्वरीत रूप आहे ‘साउली’. छाया, त्यावर प्राकृतातील ‘उल्ल’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय: *छाउल्ली, मग साउली, मग सावली. ‘माउली’ची घडण अशीच. शब्दापुढचा तारा सांगतो की हे रूप तर्काने उभे केलेले आहे.

६/ हा तर्क म्हणजे मनमानी नव्हे. आयरिश ‘स्काह’ आणि वेल्श ‘कस्गोद’ या छायावाचक शब्दांवरून आद्य केल्टिक *स्काटो- असेच रचले गेले. इंग्रजी ‘शॅडो’ त्याच कुळातला. छायेचे नाते मात्र ग्रीक ‘स्किआ’शी. अर्थ एक, म्हणून मूळ एक, असे तेथेही चालत नाही.

७/ ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: प्रमाणभाषेच्या अभिमान्यांनी सावली आणि सावळी एक केली, ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा जुना हिशेब त्या मुलाच्या तोंडी चोख राहिला. ज्या बोलीला अशुद्ध ठरवले, तीच येथे साक्षीदार आहे. साक्षीदाराचे तोंड बंद करून इतिहास लिहिता येत नाही.