मुलाला एकच खेळ की चार खेळ?



हंगाम आटोपला की घरोघरी मुलांच्या शाळेचा विचार सुरू होतो. हल्ली त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. पोरगं आठवीत जातं, कबड्डीत नाहीतर पळण्यात चमकतं. तेव्हा बाकीचे खेळ बंद करून त्याला एकाच खेळाच्या अकादमीत घालावे काय? शासकीय नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असल्याने पालकांना घाई होते. ही घाई समजण्यासारखी आहे. परंतु ती मुलाच्या हिताची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. बारा महिने एकच खेळ म्हणजे रोज त्याच सांध्यावर ताण. मग वेगवान गोलंदाजी करणाऱ्याची कंबर धरते, पळणाऱ्याची नडगी ठणकते. बहुतेक मुलांनी १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये, आठवड्याला एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती घ्यावी, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिला. उसावर ऊस अन् खोडव्यावर खोडवा घेतला की रान थकते, हे आपणांस कोणी सांगायला नको. मग पोराच्या अंगाला तरी फेरपालट नको का?

उशीर झाला तर संधी जाईल, ही भीतीही पूर्ण खरी नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. स्टीपलचेस हा प्रकार त्याने तिथेच हाती घेतला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यात रौप्यपदक मिळवले. ज्या शर्यतीने नाव झाले, ती शाळेत असताना त्याच्या गावीही नव्हती.

कोणी म्हणेल, कुस्तीचे काय? कुस्ती, जिम्नॅस्टिक्स यांना लवकर सुरुवात लागते, हे मान्य. पण जुन्या तालमीत तरी पोरगं नुसतं लढत होतं का? जोर-बैठका, दोरावर चढणे, हौदा उकरणे, पळणे, विहिरीत पोहणे. सगळे अंग कामाला लागायचे.

मुलींच्या बाबतीत तऱ्हा वेगळीच. अनेक घरांत आठवी-नववीनंतर त्यांचा खेळच थांबतो. त्यांना खो-खो, कबड्डी, धावणे यांपैकी आवडेल ते खेळू द्यावे, हीच पहिली गरज आहे.

तेव्हा दहावीपर्यंत एक पळण्याचा, एक सांघिक, जमल्यास पोहण्याचा असे दोन-तीन खेळ असावेत. दहावीनंतर क्रीडाशिक्षकांचे मत घ्यावे, पण आधी पोराला विचारावे. दुखणे दाबून कोणालाही मैदानात उतरवू नये. अकादमीत पैसे भरण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवा : पदक एखाद्याच्याच नशिबी असते, धड गुडघे मात्र सगळ्यांनाच जन्मभर लागतात.