जपानी स्वयंपाक, आपले सोयाबीन आणि 'करण'

चिकित्सालयात येणारे आहारविषयक प्रश्न गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. दही खावे का, वांगे चालेल का, हे प्रश्न आजही येतातच, परंतु त्यांच्या जोडीला, "जपानी पद्धतीचे जेवण घरी करून पाहावे म्हणतो, आपले मत काय?" असेही विचारले जाते. उंद्रीसारख्या चिखली तालुक्यातील गावीही हा प्रश्न आला, याचे आता नवल वाटत नाही. पुण्यास नोकरी करणारा मुलगा सुटीत येताना मिसोची डबी घेऊन येतो, सून मोबाईलवर टोफूची कृती पाहते आणि घरातील मधुमेही वडील वैद्याचा सल्ला घ्यावयास येतात. अशा वेळी आपल्यापैकी काही जण "परदेशी अन्न, असात्म्य, सोडून द्या" असे म्हणून मोकळे होतात. तर काही जण जपानी लोकांच्या दीर्घायुष्याचा दाखला देऊन तत्काळ संमती देतात. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे वैद्याला शोभणारी नाहीत. आहारद्रव्याची परीक्षा कशी करावी, याचे साधन चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात दिलेले आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही ती आठ आहारविधिविशेषायतने होत. यांपैकी 'करण' म्हणजे संस्कार. त्याचे महत्त्व मला एका चुकीतून उमगले आणि जपानी पाकक्रियेच्या अभ्यासाने ते पक्के झाले.

ती चूक प्रांजळपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी ज्वरातून उठलेल्या एका कृश स्त्रीस मी बल्य आहार म्हणून गव्हाच्या पिठात सोयाबीन दळून घालण्यास सांगितले. प्रमाण सांगितले, पण संस्कार सांगितला नाही. घरच्यांनी कच्चे सोयाबीनच गव्हात मिसळून गिरणीतून दळून आणले. चार-सहा दिवसांत रुग्णेस आध्मान, अरुची व द्रवमलप्रवृत्ती सुरू झाली आणि कसाबसा सावरलेला अग्नी पुन्हा मंद झाला. तिची सासू मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सोयाबीनच्या सुडीत गाय घुसली तं पोट फुगून पडते, अन् तुमी माणसाले कच्चं खायले सांगता?" त्या माउलीने करणाचा सिद्धान्त एका वाक्यात मांडला होता आणि माझ्याजवळ त्यास उत्तर नव्हते.

सोयाबीन हे संहितांमध्ये न आलेले, म्हणजे अनुक्त द्रव्य आहे. शिंबीधान्याच्या स्वभावानुसार व प्रत्यक्ष अनुभवानुसार ते गुरू आणि विष्टंभी मानावे लागते. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व सुमारे २० टक्के स्नेह असतो. मात्र कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे ट्रिप्सिन-अवरोधक घटकही असतात. पाण्यात भिजवून दीर्घकाळ शिजविल्याने ते बहुतांशी नष्ट होतात. जपानच्या स्वयंपाकघरात हा दाणा कच्चा दळून कोणी खात नाही. तो भिजवून, वाटून, गाळून व उकळून त्याचे दूध करतात, ते विरजवून टोफू करतात. किंवा शिजविलेल्या दाण्यावर संधान करून मिसो, शोयू व नात्तो तयार करतात. सोयाबीन तेच; केवळ संस्काराने गुरू द्रव्य लघुतेकडे नेले जाते. व्रीहीपासून लाह्या केल्या असता त्या लघू होतात, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. परंतु आपल्याच जिल्ह्यात शिवारोशिवार पिकणाऱ्या दाण्याबाबत मात्र विसरतो.

हा विचार विदर्भास अगदीच नवा आहे असेही नाही. १९३५ साली महात्मा गांधींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे आहारप्रयोग केले व त्यांविषयी 'हरिजन'मधून लिहिले. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानातून एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे विदर्भात सोयाबीनचा पेरा अफाट वाढला. पण तो बाजार समितीकडे आणि तेथून तेलगिरणीकडे गेला. तेल बाटलीत, पेंड पशुखाद्यात. शेतकऱ्याच्या ताटात काहीच नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. हेच प्रथिन भुकटी होऊन डब्यात बंद झाले की औषधी दुकानाच्या फळीवर त्याची किंमत किती पटीने वाढते, हे आपले औषधविक्रेते बंधू माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

आता घरी जपानी स्वयंपाक प्रथमच करू इच्छिणाऱ्यास वैद्याने काय सांगावे? माझ्या मते सुशीपासून आरंभ करूच नये. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या प्रदेशात कच्चा मासा हा देश व काल या दोन्ही दृष्टींनी अयोग्य होय. नदी-तलावातील कच्च्या माशातून कृमींचा धोकाही संभवतो. आरंभ करावा तो पेज, यूष आणि टोफू या तीन पदार्थांपासून.

पहिला पदार्थ ओकायू, म्हणजे तांदळाची पेज. एक वाटी तांदळास पाच वाट्या पाणी घालून मंद अग्नीवर शिजविली की घट्ट पेज होते. सात वाट्या पाण्याची त्याहून पातळ आणि दहा वाट्यांची अधिकच पातळ. वरचे गाळून घेतलेले पाणी म्हणजे ओमोयू. जपानी रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर वा दीर्घ आजारानंतर रुग्णास प्रथम ओमोयू, मग पातळ, मग घट्ट पेज आणि शेवटी भात अशा क्रमाने नेतात. हे वाचून कोणत्या वैद्यास संसर्जनक्रम आठवणार नाही? शार्ङ्गधरांनी विलेपीस चौपट व मंडास चौदापट जल सांगितले, तेथेही तत्त्व हेच. यासाठी जपानी तांदूळ आणण्याची आवश्यकता नाही. आपला आंबेमोहोर आखूड व चिकट असल्याने उत्तम चालतो. सोबत ते खारविलेले उमेबोशी फळ घेतात, आपण मुरलेल्या लिंबाची लहान फोड घ्यावी. आंबील व ज्वारीच्या कण्या खाणाऱ्या आपल्या रुग्णांना हा प्रकार परका वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरा पदार्थ मिसोचा यूष. याचा आधार 'दाशी' नावाचा पातळ रस असतो. जपानमध्ये तो कोम्बू नावाच्या समुद्रवनस्पतीपासून व सुकविलेल्या माशापासून करतात. मठांतील शाकाहारी पाकपरंपरेत मासा वर्ज्य असल्याने कोम्बू व सुकी शिताके अळंबी वापरतात. अळंबी अर्धा ते एक तास पाण्यात भिजवावी, त्याच पाण्यात दुधी, मुळा किंवा भोपळ्याच्या फोडी शिजवाव्यात, शेवटी टोफूचे तुकडे घालावेत. भांडे खाली उतरविल्यावर थोड्या रसात कालविलेला मिसो त्यात मिसळावा आणि पुन्हा उकळू नये. कढी फुटू नये म्हणून आपण जपतो, तसे येथे सुगंधासाठी जपावयाचे असते.

येथे राशीचा विचार अनिवार्य ठरतो. नेहमीच्या लाल मिसोत सुमारे १२ टक्के मीठ असते; दहा ग्रॅम मिसो घातलेल्या वाटीभर यूषातून एक ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाते. शोयूत म्हणजे सोया सॉसमध्ये प्रमाण याहूनही अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. पिप्पली, क्षार व लवण यांचे अतिसेवन करू नये, हा चरकोपदेश येथे शब्दशः लागू पडतो. खुद्द जपानच्या ईशान्य भागात खारट आहार व पक्षाघात यांचा संबंध लक्षात आल्यावर विसाव्या शतकात मीठ कमी करण्याच्या मोहिमा राबवाव्या लागल्या. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णास मिसो द्यावयाचाच तर अर्ध्या चमच्याने, आणि त्या जेवणात लोणचे व पापड वर्ज्य करून द्यावा.

तिसरा पदार्थ टोफू. आणि हाच आपल्या शेतकरी कुटुंबांना सर्वाधिक उपयोगी. पाव किलो स्वच्छ सोयाबीन आठ ते दहा तास, थंडीत बारा तास भिजवावे. पाणी टाकून, साले चोळून काढून, एकूण दीड ते दोन लिटर पाणी वापरून बारीक वाटावे व फडक्यातून गाळावे. हे दूध सतत ढवळत, उकळी फुटल्यानंतर दहा मिनिटे तरी उकळावे. उकळीपूर्वीच फेस उतू येतो. तोच पाक समजून भांडे उतरविणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. नंतर जरा निववून लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा. जपानमध्ये यासाठी निगारी हा मॅग्नेशियमयुक्त क्षार वापरतात. दूध फाटले की पनीराप्रमाणे फडक्यात बांधून वजनाखाली ठेवावे. उरलेला चोथा टाकू नये. तो नीट शिजवून थालीपिठात घालता येतो.

मिसो मात्र नवशिक्याने घरी घालू नये. तो ज्या कोजीपासून होतो, ती विशिष्ट, जोपासलेली बुरशी असते. तिच्या जवळच्या जातीतील रानटी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते आणि घरातील ओल्या दाण्यावर कोणती बुरशी चढली, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आसव-अरिष्टांच्या संधानात पात्र व काल यांची किती काळजी घ्यावी लागते, हे जाणणाऱ्या आपल्या वर्गाने ही सूचना आवर्जून द्यावी.

औषधविक्रेत्यांनाही तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून काही तास दूर ठेवावेत, कारण गोळीचे शोषण घटते. अशा रुग्णास आयोडीनबहुल कोम्बूही टाळावयास सांगावे. वॉरफॅरिन घेणाऱ्यास नात्तो देऊ नये, त्यातील जीवनसत्त्व के औषधाच्या कार्यास विरोध करते. आणि स्वस्त सोया सॉसची बाटली संधानाने बनलेलीच असते असे नाही; लेबल वाचूनच ती ग्राहकास द्यावी.

राहिली उपयोगसंस्था, म्हणजे जेवण्याची रीत. काइबारा एक्केन या जपानी वैद्यकपंडिताने १७१३ साली 'योजोकुन' या आरोग्यग्रंथात मिताहाराचा आग्रह धरला. पोटाचे आठ दशांश भरले की थांबावे, ही जपानी म्हण तर आता सर्वत्र पोहोचली आहे. त्रिविधकुक्षीय अध्याय शिकलेल्या वैद्यास हे ऐकून आनंद व्हावा आणि थोडी लाजही वाटावी. कारण आपण तो परीक्षेसाठी लिहिला, रुग्णाच्या ताटापर्यंत मात्र क्वचित नेला.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती इतकीच, की परदेशी पदार्थाचे नाव ऐकून निर्णय देऊ नये. त्याचे करण विचारावे. सोयाबीन सुचविताना केवळ प्रमाण सांगून थांबू नये. भिजविणे, उकळणे व गाळणे हा विधी चिठ्ठीवर लिहून द्यावा. माझ्या त्या रुग्णेस पुढे मुद्गयूष व पेजेने अग्निलाभ झाला आणि तीन महिन्यांनी तिच्या सासूने स्वतः उकळून केलेला टोफू तिला पचला. आता त्या घरात दर हंगामात सोयाबीनचे एक पोते बाजारात न जाता कोठीत राहते.