आकड्याच्या नादावर कोठडी हे औषध नव्हे

वाचकहो, एक बातमी आपण वर्षातून कितीदा तरी वाचतो. अमुक गावच्या शिवारात बाभळीखाली तीनपत्ती खेळताना इतके इसम पकडले. पत्ते, रोकड, मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. मंडळी जामिनावर सुटतात आणि आठवडा होतो न होतो तोच डाव दुसऱ्या बाभळीखाली बसतो. याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. पण त्याच डावातला एखादा जण पुढे दूध संस्थेच्या गल्ल्याला हात घालतो, भावाची खोटी सही करून कर्ज उचलतो किंवा शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार काढून विकतो. मग गाव म्हणतं, "टाका आत, अद्दल घडू द्या!"

गावाचा राग खोटा नाही. ज्याचा पैसा गेला त्याचं दुःख त्यालाच ठाऊक. प्रश्न एवढाच आहे की, नुसतं आत टाकल्यानं माणूस सुधारतो का, आणि गेलेला पैसा परत येतो का?

पोळ्याला-दिवाळीला हौसेनं चार डाव खेळून घरी जाणारा वेगळा. हरलेलं काढायचं म्हणून पुन्हा बसणारा, पोरांच्या गळ्याची शपथ घेऊन चौथ्या दिवशी पुन्हा आकडा लावणारा वेगळा. पहिल्याची ती हौस असते, दुसऱ्याचा तो आजार असतो. हे आमच्या पदरचं नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्येच याची विकार म्हणून नोंद केली आणि २०१३ मध्ये त्याला दारू व मादक पदार्थांच्या व्यसनांच्या पंगतीत बसवले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादीही तेच सांगते. आपल्याकडे तर ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याची हीच तडफड आहे. फासे सोड आणि शेती कर, असा सल्लाही तिथे दिलेला आहे. रोग जुना आहे, फक्त त्याला रोग म्हणायला आपण तयार नाही.

आपल्या राज्यातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या काळातला. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लागू लागले, त्यातून मटका फोफावला आणि चिठ्ठी खेड्यापर्यंत आली. आता तर मोबाइलमुळे अड्डा थेट अंथरुणात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, पण खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे खेळणारा हा बळी आहे, हे सरकारनेही मानले. मग त्या नादापायी पहिल्यांदाच हातून चोरी घडली, तर त्याला उपचाराची एक संधी का नको?

अहो, गर्दच्या व्यसन्याला ती कायद्याने आहेच! १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, थोडा माल बाळगणाऱ्या किंवा सेवन करणाऱ्या व्यसन्याला न्यायालय त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकते. जुगाऱ्यासाठी असे खास कलम नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा आधार मात्र आहे. त्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तीन वर्षांपर्यंत सोडता येते आणि नुकसानभरपाईही द्यायला लावता येते. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला ही सवलत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲमहर्स्ट येथे २००१ मध्ये जुगाराच्या व्यसन्यांसाठी खास न्यायालय सुरू झाले. आणि जे राज्य जुगारावरच पोसले आहे, त्या नेवाडाने २००९ मध्ये अशा आरोपींना उपचाराचा मार्ग देणारा कायदा केला. गुन्हा हिंसक नसावा, उपचार पुरे करावेत आणि बुडवलेला पैसा भरून द्यावा, अशा त्याच्या अटी आहेत.

कुणी म्हणेल, "वा! म्हणजे चोरी करायची आणि आजार म्हणून सुटायचं?" तसं मुळीच नाही. आजार आहे की नाही हे डॉक्टर तपासतील, आरोपीचा वकील नव्हे. गुन्हा शाबीत झाला पाहिजे, पैशाचे हप्ते ठरले पाहिजेत, महिन्याच्या महिन्याला हजेरी पाहिजे. चुकला की कोठडी आहेच. आणि अड्डे चालवणारे, चिठ्ठ्या घेणारे बुकी यांना यातली तसूभरही सवलत नको. कोठडीत बसलेला माणूस दमडी कमावत नाही. बाहेर राबला तर दूध संस्थेचा निदान हप्ता तरी येईल. आत गेला तर त्याचं कर्ज बायकोच्या बोडक्यावर पडतं आणि पोराची शाळा सुटते. शिक्षा एकाला आणि भोगायची घरादाराने, हा कुठला न्याय?

तेव्हा सरकारकडे मागणी सरळ आहे. कलम ३९ सारखी तरतूद जुगाराच्या व्यसन्यासाठी करा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस या व्यसनासाठी राखून ठेवा. परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागा भरा.

आणि वाचकहो, थोडं आपल्याही हातात आहे. घरात असा माणूस असेल तर त्याचं देणं गुपचूप फेडू नका, त्यानं डाव वाढतो. पासबुक आणि मोबाइलवरचे व्यवहार घरच्यांच्या हाती घ्या. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. प्रकरण फौजदाराकडे जाण्याआधी डॉक्टरकडे गेलं, तर न्यायालयाची पायरी चढायची वेळच येणार नाही.