संसदेचे गावाकडील कागद

आपल्या समाजात ग्रंथांचा आदर आहे. भिंतीवर बाबासाहेबांची प्रतिमा आणि फडताळात संविधानाची प्रत, हे चित्र चंद्रपूर-गडचिरोलीतील बौद्ध वस्त्यांत घरोघरी दिसते. परंतु त्याच घरांतील जुन्या टिनाच्या पेट्यांच्या तळाशी असणाऱ्या दुसऱ्या छापील वारशाकडे आपले लक्ष गेलेले नाही. निवडणुकीचे हस्तपत्रक, उमेदवाराचे चिन्ह असलेली चिठ्ठी, जाहीर सभेची नोटीस, खासदाराच्या सत्काराची निमंत्रणपत्रिका हे सारे कागद काम संपताच टाकून देण्यासाठीच छापलेले होते. आमचे म्हणणे इतकेच, की देशाच्या संसदेचा आरंभकाळ आपल्या गावांपर्यंत याच कागदांवरून पोहोचला. ते वाचविण्याचे काम आपल्या विद्यालयाने हाती घ्यावे.

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. तिची भाषणे खंडशः छापली गेली आणि ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी तो सभेपुढे मांडताना, हा मसुदा आठ महिने लोकांसमोर आहे, याची बाबासाहेबांनी आठवण करून दिली. दिल्लीतील कामकाजाची नोंद दिल्लीने ठेवली. गावात काय पोहोचले, त्याची नोंद मात्र गावानेच ठेवावयाची होती.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्यातच समाविष्ट होता. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के. म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले जाई. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसे. ती कोणत्या पेटीत पडली, यावरून मत ठरे. काँग्रेसची बैलजोडी होती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती होता. मतपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट कराव्यात, हा नियमच आहे. त्यामुळे आपल्या आजा-आजीच्या पहिल्या मताचा काही छापील माग उरला असेल, तर तो चिन्हाच्या चिठ्ठीत आणि हस्तपत्रकातच.

शेजारच्या भंडाऱ्याचे उदाहरण घ्यावे. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत पराभूत झालेले बाबासाहेब १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून उभे राहिले. तो मतदारसंघ दुहेरी होता. एका जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेबांचा पुन्हा पराभव झाला. सरकारी अहवालात आकडे मिळतात. परंतु अक्षरओळख नसलेल्या मतदाराला दोन मतांचा अर्थ कोणत्या शब्दांत समजावला गेला, कोणत्या गावी सभा ठरल्या, पत्रकाखाली कोणाकोणाच्या सह्या होत्या, हे आकड्यांत नसते. पराभूत पक्षाची पत्रके तर सर्वांत आधी रद्दीत जातात.

१६ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने चंद्रपूरचे नाव इतिहासात कोरले गेले. याच भूमीतील बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे १९५८ मध्ये राज्यसभेवर गेले आणि १९६९ मध्ये त्या सभागृहाचे उपसभापती झाले. त्यांची सभागृहातील भाषणे छापील वृत्तांतांत मिळतील. त्यांच्या नावाने निघालेली सभेची नोटीस किंवा सत्काराची पत्रिका मिळालीच, तर आपल्याच एखाद्या घरात मिळेल.

कोणी म्हणेल, जुन्या रद्दीतून मुलांना काय मिळणार? आमच्या मते, नागरिकशास्त्राच्या धड्यात 'मतदान हा अधिकार आहे' हे वाक्य पाठ होते. मात्र आपल्या गावच्या नावाचे पिवळे पडलेले पत्रक हाती आले, म्हणजे तो अधिकार कोणी, कोणाकडे आणि कसा मागितला, हे विद्यार्थ्याला कळते. एक पथ्य मात्र पाळावे. संग्रह एकाच पक्षाचा होऊ नये. विरोधकांची पत्रकेही त्याच आस्थेने जपावीत, कारण युक्तिवादाची दुसरी बाजू गहाळ झाली तर आपली बाजूही समजत नाही.

हे काम खर्चिक नाही. एक लोखंडी कपाट, जाड पाकिटे आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ होतो. कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्याचे लॅमिनेशन करू नये. तो कोणत्या गावी, कोणाच्या घरी मिळाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. मूळ कागद देण्याची इच्छा नसेल, तर छायाचित्र घेऊन तो सन्मानाने परत करावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या गावातील वृद्धांना विचारून नोंदी आणाव्यात.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एक विनंती आहे. १४ एप्रिलपूर्वी घराची रंगरंगोटी होते, माळे रिकामे होतात आणि जुने कागद रद्दीवाल्याकडे किंवा चुलीत जातात. येत्या वर्षी ते गठ्ठे बांधण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. वाळवी आणि आपल्या पावसाळ्यातील ओल यांनी बरेच नेले आहे. उरलेले निदान आपल्या हाताने जाऊ नये.