उपाशी ठेवणं ही कसली शिक्षा?

आपल्या सीमाभागात एक शब्द तीन भाषांत फिरतो. टीव्हीवरच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. कानडीतही 'शिक्षे' म्हटलं की दंडच. कणकुंबीसारख्या गावातलं पोर ह्या तिन्ही भाषा कानावर घेत वाढतं आणि त्याला फार लवकर कळतं, की मोठी माणसं शिकवायचं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा मारायचं म्हणतात.

हल्ली लग्नात, मंदिराच्या पायरीवर, महिला मंडळात एकच तक्रार ऐकू येते. "शाळेतली छडी गेली आणि पोरं बिघडली." 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. बाकीचे लोक त्यावर काय बोलायचं ते बोलोत. पण आपण जैन बायकांनी छडीसाठी गळा काढावा, हे मला सोसत नाही.

तत्त्वार्थसूत्र आपल्याकडे दशलक्षणात रोज एक अध्याय असं वाचतात. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, खाणंपिणं अडवणं. आपण हे ऐकतो आणि डोळ्यांपुढे बैल येतो. बैलगाडी तर आता निम्म्या घरांत उरली नाही! इथल्या 'वध' शब्दाचा अर्थ ठार मारणं असा नाही. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत तो दांडा, चाबूक, वेत यांनी मारणं असा दिला आहे. वेत म्हणजे छडीच की हो.

आणि पाचवा? "आज तुला जेवण नाही." हे वाक्य किती सहज निघतं तोंडातून. आपल्या घरांत सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात. संध्याकाळचं ताट अडवलं तर त्या लेकराला दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. कडक घर असेल तर पाणीसुद्धा नाही. कणकुंबीच्या आषाढात, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही अशा पावसात, रिकाम्या पोटी पांघरुणात पडलेलं पोर काय शिकत असेल? मुंगी मरू नये म्हणून आपण पाणी गाळतो, ओटा हलक्या हाताने पुसतो, आणि पोटच्या पोराचा अन्नपाननिरोध करून त्याला वळण लावलं म्हणतो.

कुणी म्हणेल, उपवास हेही प्रायश्चित्तच आहे. आहे ना. पण त्याचा क्रम बघा. नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार आहेत. पहिली आलोचना, म्हणजे आपला दोष आपल्या तोंडाने गुरूला सांगणं. मग प्रतिक्रमण, मग दोन्ही मिळून, मग विवेक, मग व्युत्सर्ग. तप येतं सहावं. आपण पहिले पाच गाळून थेट सहाव्यावर येतो. शिवाय प्रायश्चित्त ज्याचं तो मागून घेतो आणि गुरू त्याची शक्ती बघून देतात. रागाने लाल झालेल्या आईने ताट ओढून घेणं त्यात कुठेच बसत नाही.

आपल्या आचार्यांना माणसाचं मन किती कळलं होतं बघा. त्यांनी आलोचनेचेही दहा दोष सांगितले आहेत. त्यातला एक, जेवढं दुसऱ्याने पाहिलं तेवढंच कबूल करायचं आणि बाकीचं पोटात ठेवायचं. माराच्या धाकात वाढलेलं पोर नेमकं हेच शिकतं. डब्यातले पाच लाडू खाल्ले आणि तुम्ही एक खाताना बघितलं, तर ते एकच सांगणार. वागणं बदलत नाही, लपवणं तेवढं सुधारतं.

"मग मोकाट सोडायचं काय?" असं लगेच विचारतात. कोण म्हणतं मोकाट सोडा? शेजारच्या काकूंचं कौल फोडलं तर पोराने त्यांच्या दारात जाऊन सांगावं, नवं कौल आणायला बापाबरोबर जावं, चढवताना खाली उभं राहून हातात द्यावं. त्यात त्याचा रविवार जातो आणि कौल कसं बसतं तेही त्याला कळतं. छडीला दोन मिनिटं लागतात, ह्याला अख्खा दिवस. आपल्याला तो दिवस द्यायचा नसतो, खरं दुखणं तिथं आहे.

पोरांचं सोडा, खुन्यांच्या बाबतीत हे करून पाहिलेलं आहे. औंध संस्थानात 1939 साली भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंत नसलेला तुरुंग. गंभीर गुन्ह्यातले कैदी शेती करून कुटुंबासह राहायचे. ती वसाहत अजून आहे. शांतारामबापूंचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला. आणि 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतसुद्धा काही किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवा ही शिक्षा आली. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, वस्तू परत दिली, तर तुरुंगाऐवजी समाजाचं काम. सरकारला जे सुचलं ते आपल्या स्वयंपाकघरात सुचू नये?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. आदिपुराणात कुलकरांची दंडनीती आहे. आधी नुसतं 'हा', म्हणजे अरेरे, हे काय केलंस. पुढे 'मा', पुन्हा करू नकोस. त्याहून पुढे 'धिक्'. शरीरदंड आला तो भरत चक्रवर्तीच्या काळी. लोक बिघडत गेले तशी शिक्षा वाढवावी लागली, असं म्हणून हा दाखला देतात. मी उलटं वाचते. ज्या काळाला आपले ग्रंथ चांगला म्हणतात त्यात एका शब्दाने माणूस खाली मान घालत होता, आणि काठी आली ती पडत्या काळात. पडत्या काळाची खूण आपण मिरवायची कशाला?

आता जरा अवघड बोलते. घरात शिक्षा कुणाकुणाला होते ते मोजा. पोरांना होते, धुणंभांड्याच्या बाईला होते, सुनेला होते. भाजी खारट झाली तर दोन दिवस अबोला, उलट बोलली तर पंचमीला माहेरी पाठवणी नाही. आणि मुलग्याने धंद्यात लाखभर घालवले तर? त्याच्यापुढे ताट वाढून "खा रे बाबा, होतं असं." सासऱ्यांनी भर पंगतीत कुणाला अपमानून बोललं तर "त्यांचा स्वभावच तसा." शिक्षा जर चुकीची असती, तर ती वरच्यांनाही झाली असती. आपल्याकडे ती पायरी बघून होते. म्हणून सुधारणेसाठी शिक्षा करतो हे मला पटत नाही, आणि अबोला धरणाऱ्या सासूलाही ते मनातून पटत असेल असं वाटत नाही.

दशलक्षण संपलं की क्षमावाणी येते. धाकटी माणसं थोरांच्या पाया पडतात, थोर डोक्यावर हात ठेवतात, की झालं. थोरांनी धाकट्यांची क्षमा मागितलेली किती जणींनी पाहिली आहे? ह्या भाद्रपदात मंडळात सातवा अध्याय वाचाल तेव्हा त्या पाच शब्दांशी जरा थांबा. अर्थ सांगताना बैलाचं उदाहरण देऊ नका. घरातलं द्या, आणि त्या वेळी सुनांना चहा करायला आत पाठवू नका.