यमुनेनंतरची रिकामी जागा

नाताळ आला की मराठी ख्रिस्ती साहित्याचे स्मरण होते आणि ते बहुधा तीन मुक्कामांवर थांबते : फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. मुक्काम थोरच आहेत. परंतु त्यांत कादंबरी नाही. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावी बसून आम्ही वाचकांचे लक्ष नेमके या उणिवेकडे वेधू इच्छितो. कारण मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी एका ख्रिस्ती लेखकाचीच आहे.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासास निघतात, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकतात आणि पुढे यमुनेवरच वैधव्य कोसळते. अखेरीस ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. ग्रंथाचा हेतू प्रचाराचा होता आणि लेखकाने तो लपविलाही नाही. तरीही हे पुस्तक टिकले ते त्यातील घरांमुळे व त्या घरांतील बायांच्या बोलण्यामुळे. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या कठोर समीक्षकाने मराठी वास्तववादी कादंबरीचा उगम येथे पाहिला, तो काही धर्मप्रेमापोटी नव्हे.

त्याआधी १८४१ मध्ये हरि केशवजींनी जॉन बन्यनच्या ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ मराठीत आणले होते. बन्यन भांडी सांधणारा, तर आमचे बाबा त्वष्टा कासार कुळातले! योगायोगच, पण गमतीचा.

मग ही धारा आटली का? आमच्या मते उत्तर बाबांच्याच लेखनजीवनात आहे. उपदेशकाचे काम, पुढे धार्मिक पुस्तकसंस्थांसाठी संपादन, कोश, भाष्ये, निबंध, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. त्यांची लेखणी अखंड चालली, परंतु ‘यमुनापर्यटना’च्या तोडीची दुसरी कादंबरी तिच्यातून उतरली नाही. संस्थेस उपयुक्त पुस्तक हवे असते. कादंबरी उपयुक्त असेलच, अशी हमी कोण देणार?

आजही ख्रिस्ती कादंबरीकारास दोन उंबरठे अडवितात. मंडळीतील वाचकास नायक सद्वर्तनी हवा. पाळकाचा लोभ किंवा ख्रिस्ती घरात उरलेली जात लिहिली की घरचेच लोक दुखावतात. बाहेरील वाचक पुस्तक उघडण्यापूर्वीच धर्मांतराचा वास घेतो. २०२० च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईच्या या धर्मगुरूने ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. तरीही त्यांच्या निवडीस केवळ धर्माचे कारण पुढे करून विरोध झालाच. मराठवाड्याने त्यांना ऐकून घेतले, ही समाधानाची गोष्ट. २०२४ च्या जुलैत ते निवर्तले. परंतु त्यांचीही कीर्ती वैचारिक व अनुवादित लेखनावर उभी होती, हे ध्यानी घ्यावे. ख्रिस्ती माणसाचे चिंतन आणि आत्मकथन मराठीने स्वीकारले. त्याने रचलेल्या कथेला मात्र ती अजून साक्षीपुरावा मागते.

विषयांचा तोटा नाही. दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. नाताळाच्या रात्री ती कोठल्या तरी कारखान्याच्या फडाजवळ कोपीत असतात. घराबाहेर, परक्या गावी, पाचटाच्या आडोशाला झालेला जन्म ही त्यांच्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वीची कथा नव्हे. असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारी यमुना कोणी लिहावयास घेतली, तर तिला प्रथम जागा कोण देणार, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ आधी ‘संजीवनी’ साप्ताहिकातून क्रमशः आली आणि मग १९३४ पासून ग्रंथरूप झाली. मंडळ्यांच्या मासिकांनी वर्षातून निदान एका कादंबरीसाठी चार पाने राखावीत, आणि ती छापण्यापूर्वी तिच्यातील पाळक सज्जन आहे की नाही, हे तपासू नये.