दादानं माळ घातली, आणि तिसऱ्या रात्री...

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिस सुटायला दहा मिनिटं आणि ‘आज कुठं बसायचं?’ यावर चर्चा रंगलेली. तेवढ्यात बोरीहून वहिनीचा फोन. बोरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. वहिनीचा आवाज नुसता फुललेला. ‘भाऊजी, ह्यांनी सोडली! एकादशीला माळ घातली. बाटली उकिरड्यावर फेकून दिली बघा.’

गेली दहा वर्षं माझ्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा दिवस सकाळी उठल्या उठल्या एका क्वार्टरनं सुरू व्हायचा. आम्ही सगळे जाम खूश. काकूनं गावात साखर वाटली.

दोन दिवसांनी, रात्री दीड वाजता, परत फोन. ‘हात लटलट कापतेत, घामानं अंथरूण भिजलं, भिंतीवर किडे दिसतेत म्हणून ओरडतेत. मला ओळखत नाहीत हो!’ मागून कुणाचा तरी सल्ला ऐकू आला, ‘बाहेरचं असंल, अंगारा लावा. खोलीत कोंडा, सकाळपर्यंत उतरंल.’

सुदैवानं माझा रूममेट डॉक्टर आहे. त्यानं फोन हिसकावून घेतला आणि एकच वाक्य बोलला, ‘आत्ताच्या आत्ता जीप करा आणि परभणीचा सरकारी दवाखाना गाठा.’

दादा वाचला. पण त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं, की दारू पिण्यानं माणूस मरतो तसा ती चुकीच्या पद्धतीनं सोडल्यानंही मरू शकतो.

फंडा साधा आहे. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज ब्रेक दाबलेला असेल तर गाडी चालावी म्हणून मेंदू अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. एक दिवस ब्रेक अचानक काढला, की गाडी सुसाट! शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भान सुटतं. व्यसनींच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. हे नाटक नव्हे, भूतबाधाही नव्हे. दवाखान्यात मेंदू शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. तंबाखू, सिगरेट सोडताना चिडचिड होते, झोप उडते. पण जिवाला असा धोका नसतो. ब्राऊन शुगरची टर्की भयंकर. पण तिथं जास्त धोका काही दिवस सोडून परत जुनाच डोस घेण्यात असतो.

बरं, दवाखान्यातून घरी आलं म्हणजे संपलं का? नाही बॉस, ती तर फक्त सुरुवात. शरीर आठवड्याभरात सावरतं, मनाला वेळ लागतो. म्हणून तर १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधारावर. तिथला मुक्काम साधारण ३५ दिवसांचा: औषधं, समुपदेशन, गटचर्चा आणि घरच्यांशीही बोलणं. नंतर फॉलोअप. शिवाय अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंग्ज आहेत. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ आज आपल्याकडेही आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत. डॉक्टर लिहून देतात.

एक मात्र करू नका. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ छाप पुड्या चहात मिसळू नका. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. सोडणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

आता तुमच्या-आमच्याबद्दल. वीकेंडच्या दोन बीअरवाल्यांना टर्की लागत नाही. पण सोमवारी सकाळी हात स्थिर व्हायला ‘थोडीशी’ लागत असेल, तर जोशात एकदम सोडू नका, आधी डॉक्टर गाठा. लाज वाटत असेल तर फोन करा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मन मोकळं करायला टेली-मानस १४४१६. दोन्ही फुकट.

दादा दिवाळीत एकदा स्लिप झाला. काकू म्हणाली, ‘माळ बाटली.’ वहिनी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गुपचूप परभणीच्या गाडीत बसली. ब्लडप्रेशरवाल्याचं बीपी परत वाढलं तर आपण त्याला पापी म्हणतो का?

माळ गळ्यात आहेच. आता खिशात गोळ्यांची पट्टीही असते. परवा फोनवर दादा म्हणाला, ‘विठ्ठलानं सोडवली रे, पण पहिले चार दिवस डॉक्टरनं धरलं.’